आधी टिटवी ओरडू दे, मग रंग भर

ताई, स. न. वि. वि.

मी पुण्यात इंटरॲक्शन डिझाइन (माणसाला यंत्रानं प्रतिसाद कसा द्यावा हे ठरवण्याचं शास्त्र) शिकते, तिसऱ्या वर्षाला आहे. गाव तासगाव तालुक्यात. सेमिस्टर प्रोजेक्ट म्हणून सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी टॅबलेटवर चालणारं ‘आमच्या शिवारातले पक्षी’ करतेय. कोकीळ, भारद्वाज, खंड्या, वेडा राघू, सुगरण आणि टिटवी असे सहा पक्षी. टॅप केलं की पक्षी हलतो आणि ओरडतो. पहिल्या ज्युरीला, म्हणजे परीक्षकांपुढच्या सादरीकरणाला, मी भरपूर रंग वापरले होते, ढग-झाडं सगळं हलत होतं. ‘फार गोंधळ आहे, साधं कर,’ असं सांगण्यात आलं. मग पांढरं बॅकग्राउंड, बारीक करड्या रेषा आणि एकच हिरवा एवढंच ठेवलं. दुसऱ्या ज्युरीला ऐकलं, ‘नीटनेटकं आहे, पण गंमत कुठंय?’ फायनलला दीड महिना उरलाय. साधेपणा आणि गंमत एकत्र राहतात का, की दोन्हींतलं एकच निवडायचं? मुलांसाठी रंग निवडायचे तरी कसे? आणि घरी काका विचारतात, ‘पोरांची खेळणी करायला एवढी फी भरायची?’ त्यांना काय सांगू तेही सुचत नाही.

(कृपया नाव छापू नये.)

तुझं पत्र वाचलं, सोबत पाठवलेले दोन्ही आवृत्त्यांचे स्क्रीनशॉटही बारकाईनं पाहिले. दोन ज्युरींनी तुला उलटसुलट गोष्टी सांगितल्या असं तुला वाटतंय. मला मात्र दोघांनी एकाच दुखण्यावर बोट ठेवलेलं दिसतं. पहिल्या आवृत्तीत तू रंग आणि हालचाल वरून चढवलीस, दुसरीत ती उतरवलीस. पण मुलानं बोट लावल्यावर स्क्रीन काय करते, हे दोन्हीकडे तेच राहिलं. टॅप केलं की पक्षी थरथरतो आणि ओरडतो. सहाच्या सहा पक्षी एकसारखेच वागतात. खंड्याच्या जागी भारद्वाज ठेवून आवाज बदलला तरी तुझ्या प्रोजेक्टमध्ये काहीच बिघडत नाही. गंमत अडलीय ती इथं, आणि गोंधळही इथूनच सुरू झाला होता. वागणुकीत फरक नसला की तो दाखवायला रंग आणि सजावट यांच्यावर भार येतो.

साधेपणा आणि गंमत एकत्र राहतात का, याचं उत्तर तू शेकडो वेळा पाहिलेलं आहेस. इंटरनेट गेलं की क्रोममध्ये दिसणारा तो करडा डायनासोर आठव. २०१४ पासून तो तिथं आहे. सुरुवातीला नुसतं एक छोटं चित्र असतं. स्पेसबार दाबला की तो उडी मारतो आणि पायाखालची जमीन बाजूला पसरत जाते. सूचना नाहीत, मेनू नाही, बटण नाही. रंग म्हणशील तर एक करडा. सगळी गंमत उडी कधी मारायची यात आहे. स्कोअर ७०० झाला की पांढरी स्क्रीन एकदम काळी होते, रात्र पडते, आणि आपण दचकतो. पार्श्वभूमीचा नुसता उलटापालट एवढा मोठा प्रसंग वाटतो, कारण तोवर रंगाला कुणी हातच लावलेला नसतो. तुझ्या पहिल्या आवृत्तीत असा प्रसंग घडूच शकला नसता. तिथं पहिल्या क्षणापासून सगळं पेटलेलं होतं.

आता तुझ्याच शिवारात येऊ. सहा पक्ष्यांपैकी मी टिटवी घेते, कारण तिच्यात तुझा अख्खा प्रोजेक्ट दडलाय असं मला वाटतं.

टिटवी काय करते ते तू लहानपणापासून पाहिलं असशील. ती झाडावर घरटं बांधत नाही. उघड्या माळावर, खड्यांमध्ये नुसता खळगा करून त्यात अंडी घालते, बहुधा चार. अंडी मातकट, वर काळसर ठिपके. दोन पावलांवरूनही ती खड्यांतून वेगळी ओळखू येत नाहीत. कुणी त्या दिशेनं चालू लागलं की टिटवी ताठ उभी राहते, मग ओरडू लागते, आणखी जवळ गेलं की उडून डोक्यावर घिरट्या घालत कल्लोळ करते. माणूस लांब गेला की गप्प होते. मग थेट अंड्यांवर उतरत नाही, थोडी दूर उतरून चालत चालत येते. आपल्याकडे टिटवीचं ओरडणं अशुभ मानतात, रात्री ओरडली तर घरातली म्हातारी माणसं अस्वस्थ होतात. ती अंड्यांपायी ओरडते हे आठ वर्षांच्या मुलाला स्वतःच्या बोटानं उमगावं, ही मला या प्रोजेक्टची सगळ्यात मोलाची शक्यता वाटते.

तर स्क्रीनवर फक्त माळ दाखव. खडे, थोडं वाळलेलं गवत, एका बाजूला टिटवी दाणे-किडे टिपतेय. मूल बोट टेकवतं आणि सरकवतं. बोट अंड्यांपासून लांब असेल तर टिटवी आपल्या कामात. मध्यम अंतरावर आलं की ती मान उंच करून थांबते, एकदाच ओरडते. जवळ आलं की उडते आणि आवाजाची घाई वाढत जाते. अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, पण तिच्या आवाजावरून मूल ती शोधत जातं. बोट अंड्यांवर आलं तरी टाळ्या नाहीत, चांदण्या नाहीत, ‘शाब्बास’ नाही. बोट उचललं की आवाज थांबतो. दोन-तीन सेकंद काही घडत नाही. मग टिटवी दूर उतरते, चालत येते आणि अंड्यांवर बसते. ती बसली तेव्हाच मुलाला नक्की कळतं की अंडी कुठं होती. म्हणजे हात काढून घेणं हीच या खेळातली शेवटची चाल. ही कल्पना तू जशीच्या तशी घ्यावीस असा माझा आग्रह नाही. पण नियम पक्ष्याच्या स्वभावातून काढायचा म्हणजे काय, ते यावरून ध्यानात येईल.

एक तांत्रिक बाब इथंच सांगते. टॅबलेटला बोट काचेवर टेकल्यावरच कळतं. माऊससारखं नुसतं वरून फिरवलेलं त्याला कळत नाही. त्यामुळं ‘जवळ येणं’ हे टेकवून सरकवण्यातूनच मोजावं लागेल. अंतराचे तीनच टप्पे ठेव. सतत बारीक बारीक बदलणारं उत्तर प्रोग्राममध्ये सुंदर दिसतं, पण मुलाला त्यात काही बदललं हेच कळत नाही.

हे करताना पहिला आठवडा रंगाला स्पर्श करू नकोस. टिटवी म्हणजे एक त्रिकोण, अंडी म्हणजे चार गोल, आवाज म्हणजे तू स्वतः तोंडानं काढून फोनवर रेकॉर्ड केलेलं ‘टिटिव् टिटिव्’. सगळं करड्यात. पी५.जेएस या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामिंगच्या साधनात हे दोन दिवसांचं काम आहे. हे साधन आणि त्याच्या आधीचं प्रोसेसिंग, दोन्ही डिझाइन-कलेच्या विद्यार्थ्यांना भराभर करून पाहता यावं म्हणूनच उभी राहिली. प्रोसेसिंग २००१ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या केसी रीस आणि बेन फ्राय या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलं. त्यांचे शिक्षक जॉन माएदा नव्वदच्या दशकात स्क्रीनवर एक साधा चौकोन ठेवून तो माणसाच्या आवाजाला कसा प्रतिसाद देईल यावर काम करत होते. चौकोन! आकार जितका साधा, तितकं सगळं लक्ष तो कसा वागतो याकडे जातं. तुझा त्रिकोण मुलांना खिळवून ठेवू शकला नाही, तर त्याला पिसं काढूनही फार फरक पडणार नाही. आणि त्रिकोणानं खिळवून ठेवलं, तर रंगाचा प्रश्न अर्धा सुटलाच म्हणून समज.

आता रंग. ‘मुलांसाठी रंग कसे निवडायचे’ असं तू विचारतेस. मुलांचे असे वेगळे रंग नसतात. लाल-पिवळा-निळा भडक असला की ते मुलांचं, ही दुकानातल्या खेळण्यांच्या खोक्यांनी लावलेली सवय आहे. रंग कोणासाठी हे विचारण्याआधी रंग कशासाठी हे विचार. स्क्रीनवरच्या प्रत्येक रंगाला काम दे. ज्याला काम सांगता येत नाही तो काढून टाक.

हे काम कसं देतात ते पाहायचं असेल तर १९८० सालचा पॅक-मॅन हा व्हिडिओ गेम काढून बघ. तोरू इवातानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला. त्यातली चार भुतं आकारानं अगदी सारखी आहेत, फरक फक्त रंगाचा, आणि त्या रंगामागं स्वभाव आहे. लाल भूत सरळ पाठीवर येतं. गुलाबी पुढं जाऊन वाट अडवायला बघतं. निळसर भुताचा नेम धरता येत नाही. नारिंगी जवळ येतं आणि मध्येच माघारी फिरतं. खेळणाऱ्याला हे कुणी शिकवत नाही, चार डाव हरल्यावर ते आपोआप कळतं आणि मग रंग पाहूनच हात वळतो. मोठा ठिपका खाल्ला की चारही भुतं गडद निळी होतात, म्हणजे आता ती तुला घाबरतात. ती वेळ संपत आली की पांढरी-निळी लुकलुकायला लागतात. स्वभाव, अवस्था आणि उरलेला वेळ, तिन्ही गोष्टी रंगानं सांगितल्या, एक अक्षर न लिहिता.

टिटवीला हेच लाव. तिचं डोकं आणि छाती काळी, पाठ तपकिरी, पोट पांढरं, पाय पिवळे, आणि डोळ्यापुढं लाल मांसल पाळी, चोचही लाल. निसर्गानं तुला तयार पॅलेट, म्हणजे रंगसंच, दिलंय, इंटरनेटवरून उचलायची गरज नाही. माळ आणि अंडी मातकट ठेव. त्यांचं काम लपवणं. काळा-पांढरा टिटवीला माळावरून उठून दिसू देतो, त्याचं काम दाखवणं. लाल मात्र सुरुवातीला जवळजवळ झाकून ठेव. टिटवी मान खाली घालून टिपत असताना लाल पाळी छोटी आणि मंद दिसू दे. तिनं मान वर केली की लाल उघडा पडू दे. आख्ख्या स्क्रीनवर झगझगीत म्हणावा असा तो एकच रंग असला, तर दुसरं काही न करताही मुलाची नजर तिथंच जाईल. पायांचा पिवळा थोडा उतरव. तो खरा असला तरी इथं लालशी भांडेल.

रंग ठरवताना तुम्ही सगळे विद्यार्थी एक गोष्ट करता ती मला दिसते. कलर पिकरमध्ये रंगाच्या चकतीवर गोल गोल फिरत राहता, निळा की जांभळा, की मोरपंखी. डोळा त्याआधी फिका आणि गडद यांतला फरक टिपतो. म्हणून फोन किंवा टॅबलेट ग्रेस्केलवर, म्हणजे नुसत्या काळ्या-करड्या-पांढऱ्या छटांवर, टाकून तुझं पान बघ. ही सोय सेटिंग्जमध्ये असते. पहिल्या आवृत्तीचा स्क्रीनशॉट मी तसा करून पाहिला. आकाश, झाडं आणि खंड्या तिघांची करडी छटा जवळपास एकच झाली. डझनभर रंग असूनही सपाट का वाटत होतं, त्याचं कारण तेच. टिटवीच्या पानावर ग्रेस्केलमध्ये पक्षी स्पष्ट दिसला पाहिजे आणि अंडी दिसता कामा नयेत. इतकी सरळ परीक्षा आहे.

दुसरं म्हणजे, रंग कधीच एकटा दिसत नाही, शेजाऱ्यासकट दिसतो. योझेफ अल्बर्स हे जर्मनीतल्या बाउहाउस या कला-डिझाइन शाळेतले शिक्षक, नाझींच्या दबावामुळं १९३३ मध्ये ती संस्था बंद पडल्यावर अमेरिकेत गेले, तिथं ब्लॅक माउंटन कॉलेज आणि मग येल विद्यापीठात त्यांनी वर्षानुवर्षं रंग शिकवला, आणि ते धडे १९६३ मध्ये ग्रंथरूपानं आले. ते विद्यार्थ्यांना रंगाच्या ट्यूब देत नसत, रंगीत कागद देत. एकच रंग दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर ठेवून तो दोन रंगांसारखा दिसेल असं कर, मग दोन वेगळे रंग एकसारखे दिसतील असं कर. तूही हे कर, आणि स्क्रीनवर नको. स्टेशनरीच्या दुकानात घोटीव कागदाची पाकिटं मिळतात, तुम्ही शाळेत कार्यानुभवाला वापरलेला तोच. त्यातला तपकिरी, करडा आणि खाकी यांवर लाल कागदाचा नखाएवढा तुकडा ठेवून बघ. एका कागदावर तो पेटतो, एकावर विटकरी होऊन बसतो. एका संध्याकाळीत तुला टिटवीचा माळ कोणत्या मातीचा हवा ते कळेल. कागदावर हे चटकन होतं, कारण तिथं स्लायडर सरकवत बसायचा मोह नसतो.

आता त्या लालबद्दल सावध करते. लाल-हिरव्यातला, लाल-तपकिरीतला फरक नीट न दिसणारी माणसं आपण समजतो त्यापेक्षा जास्त असतात. यामागची जनुकं एक्स गुणसूत्रावर असल्यानं हे पुरुषांत कितीतरी अधिक आढळतं. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण १२ पुरुषांमागे १, आणि स्त्रियांत २०० मागे १. आपल्याकडे प्रमाण यापेक्षा कमी असलं तरी शाळेच्या एखाद्या मोठ्या वर्गात असा एखादा मुलगा असतोच, आणि बहुधा त्याचं त्यालाही माहीत नसतं. तपकिरी माळावरची तुझी लाल पाळी त्याला उठून दिसेलच असं नाही. म्हणून लालला एकट्याला काम देऊ नकोस. मान वर होणं, आवाज आणि लाल, तिन्ही एकदम घडू देत. जुन्या विंडोजमधला माइनस्वीपर हा आकड्यांचा खेळ आठवतो का? त्यात १ निळा, २ हिरवा, ३ लाल असायचा. सवय झालेला माणूस रंगावरून खेळायचा, पण रंग न दिसणाऱ्यालाही आकडा वाचता यायचाच. असं दुहेरी बांधलेलं काम भक्कम असतं.

तुझ्या दुसऱ्या आवृत्तीबद्दलही बोलायला हवं, कारण त्यातली चूक जास्त फसवी आहे. पांढरी जागा, बारीक रेषा, एक हिरवा. दिसायला देखणं. पण कशाला हात लावायचा आणि काय नुसतं चित्र आहे, हे त्यात कळत नाही. २०१३ मध्ये ॲपलनं आयफोनसाठी आयओएस ७ ही नवी प्रणाली आणली तेव्हा बटणांच्या कडा, सावल्या, उठाव सगळं काढून नुसते शब्द ठेवले. स्वच्छ दिसलं, पण दाबायचं कुठं हे अनेकांना कळेना. पुढच्याच वर्षी ७.१ मध्ये बटणांचे आकार परत दाखवण्याची सोय सेटिंग्जमध्ये द्यावी लागली. ज्यांनी ते केलं ते कसलेले लोक होते, त्यांच्याही हातून वाटेतली खूण पुसली गेली. काढताना एवढंच तपासायचं: हे काढल्यावर मुलाला पुढं काय करायचं ते अजून कळतंय का? कळत असेल तर खुशाल काढ. तुझे ढग जाऊ देत, हलती झाडं जाऊ देत. पण टिटवीची जराशी हलणारी मान राहिली पाहिजे, कारण इथं जीव आहे, इथं बोट लाव, हे तीच सांगते.

काही व्यवहाराच्या गोष्टी. बोट लागल्यापासून ०.१ सेकंदाच्या आत काहीतरी घडलं तर माणसाला ते आपणच घडवलं असं वाटतं. त्याहून उशीर झाला की यंत्रानं विचार करून उत्तर दिल्यासारखं वाटतं आणि खेळातली जान जाते. तुझे आवाज मोठ्या फाइलींचे आहेत, तेव्हा ते आधीच लोड करून ठेव, आणि स्वस्तातल्या, दोन-तीन वर्षं जुन्या अँड्रॉइड टॅबलेटवर चालवून बघ. कॉलेजच्या महागड्या आयपॅडवर सगळंच छान चालतं. उडण्याआधी टिटवी किंचित खाली दबली तर झेप खरी वाटते, ॲनिमेशनवाले हे कायम करतात. फक्त ते दबणं म्हणजे उशीर होऊ देऊ नकोस, मान तत्क्षणी उठली पाहिजे, मग दबणं, मग झेप.

वापरणाऱ्यानं आधी कुठंतरी स्पर्श केल्याशिवाय ब्राउझर आवाज वाजू देत नाही. पुष्कळ जण यासाठी सुरुवातीला ‘स्टार्ट’चं बटण टाकतात. तुला त्याची गरज नाही. रिकाम्या माळावर पहिलं बोट टेकलं की वारा वाहू लागू दे, गवत हलू दे, आणि मग टिटवी चालत आत येऊ दे. अडचणीतून सुरुवात मिळाली.

मुलं टॅबलेट दोन्ही हातांनी धरतात, अंगठे काचेवर येतात, तळहात टेकतो. हे सगळे स्पर्श तुझा प्रोग्राम मोजणार. म्हणून कडेच्या पट्टीतले स्पर्श सोडून दे, आणि पाच बोटं एकदम आली तर टिटवी काय करेल तेही ठरव. माझं मत, ती लांब उडून जावी. पक्ष्यांची नावं लिहिशील तेव्हा अक्षरं मोठी आणि ओळींत अंतर भरपूर ठेव, आपल्या लिपीत वर वेलांट्या आणि खाली उकार असतात, दाटीत ते एकमेकांत अडकतात. ‘एक टाइप’ या आपल्याकडच्या गटानं केलेले मुक्ता आणि बलू हे देवनागरी फाँट मोफत मिळतात, त्यातलं बलू या वयाला चांगलं जातं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला कॉन्ट्रास्ट (फिक्या-गडदाचा फरक) किमान ४.५:१ असावा, हे मोजणारी साधनं नेटवर आहेत. लपवायचं ते फक्त अंड्यांना, नावांना नाही.

मुलांपुढं ठेवताना एकच पथ्य पाळ. टॅबलेट हातात दे आणि गप्प बस. ‘आवडलं का?’ विचारू नकोस, ताईला वाईट वाटू नये म्हणून मुलं ‘हो’ म्हणतात. टिटवी बसल्यावर मूल आपणहून पुन्हा बोट टेकवतं का, आणि दुसऱ्या खेपेला वेगळ्या वाटेनं जातं का, एवढं बघ. ते शेजारच्या पोराला ‘थांब, बोट उचल’ असं सांगायला लागलं, तर त्या दिवसाचं काम झालं. आणि ही मुलं पुण्यातल्या ओळखीच्या घरांतली नकोत. सुटीत गावी जाशील तेव्हा तिथल्या शाळेत जा, जिथं पोरांनी खरी टिटवी पाहिलीय. चुकीचं काही असेल तर ती तोंडावर सांगतील.

पुण्यातच आहेस तर एकदा आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत जाऊन ये. अरविंद गुप्ता यांनी तिथं बरीच वर्षं काम केलं, टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायचं त्यांचं काम जगभर पोचलंय. त्यांचं एक जुनं, अगदी साधं खेळणं आहे. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडायचे. त्रिकोण केला की तो ताठ राहतो, चौकोन केला की लवतो, पंचकोन तर हातात ढेपाळतो. मुलाला काही सांगावं लागत नाही, काड्याच उत्तर देतात आणि मग मूल पुढचा प्रश्न स्वतः विचारतं, षट्कोन ताठ करायला किती काड्या आडव्या लावाव्या लागतील? तुझ्या स्क्रीनकडून मला अगदी हेच हवंय. त्यात रंग नाही, आवाज नाही, बक्षीस नाही, आणि पोरं तासभर हलत नाहीत. तोशिओ इवाई या जपानी कलाकारानं २००५ मध्ये निन्टेन्डो डीएस या हातात धरायच्या खेळयंत्रासाठी इलेक्ट्रोप्लँक्टन केलं, त्यातही स्कोअर नाही. दहा प्रकारचे इवलेसे जीव, प्रत्येकाला हात लावल्यावर प्रत्येक जण आपापल्या तऱ्हेनं संगीत करतो. सहा पक्षी सहा तऱ्हांनी वागले पाहिजेत असं मी म्हणते, त्याचा उत्तम नमुना तो आहे.

काकांना उत्तर रागानं देऊ नकोस. त्यांना फीची काळजी आहे आणि ती खरी आहे. त्यांना एवढंच सांग की यंत्रानं माणसाला लगेच, समजेल असं आणि न घाबरवता उत्तर कसं द्यावं, हे तू शिकतेयस. काका एटीएममध्ये जातात, रेल्वेच्या तिकीट मशीनपुढं उभे राहतात, फोनवरून पैसे पाठवून ते पोचले की नाही याची वाट बघतात. ते सगळं कुणीतरी असंच शिकून बनवलेलं असतं किंवा न शिकता बनवलेलं असतं, आणि दोन्हींतला फरक त्यांनी भोगलेला आहे. मुलं हे सगळ्यात कठीण गिऱ्हाईक. त्यांच्यासाठी जे जमतं ते पुढं दवाखान्यातल्या स्क्रीनसाठीही उपयोगी पडतं.

आता उरलेले पाच पक्षी. दीड महिन्यात सहा पूर्ण करायचा हट्ट सोड. टिटवी पूर्ण कर, आणि आणखी दोन. माझी निवड कोकीळ आणि वेडा राघू. कोकीळ पानांत दडलेला असतो, दिसतो तो त्याचा लाल डोळा, आणि त्याची कुहू दर खेपेला वर चढत जाते. प्रत्येक टॅपला सूर एक पायरी चढू दे, मूल थांबलं की गप्प. गाणारा नर असतो हेही मुलांना कळेल, बहुतेक मोठ्यांनाही ते माहीत नसतं. त्याच्या पानावर हिरव्याच्या गडद-फिक्या छटा आणि एक लाल ठिपका पुरे. वेडा राघू तारेवरून झेप घेतो, हवेत किडा पकडतो आणि बहुधा त्याच जागी परत येऊन बसतो. मुलानं बोटानं रेघ ओढली की तो त्या रेघेवरून जाऊन परत यावा. इथं पक्षीच हिरवा आहे, तेव्हा आकाश फिकट ठेव, भर दुपारचं, जवळजवळ पांढरं. तीन पानं, तीन वेगळे नियम आणि तीन वेगळी पॅलेट. खंड्या, भारद्वाज आणि सुगरण कागदावरच्या स्केचमध्ये दाखव. सुगरणीचा नर अर्धं घरटं विणून मादीला दाखवतो, ती पसंत करते किंवा नाही, यातून काय खेळ होईल ते मी तुझ्यावर सोडते.

फायनलला प्रेझेंटेशनच्या स्लाइड्स आधी लावू नकोस. करड्या त्रिकोणाची टिटवी आणि रंगीत टिटवी अशा दोन्ही चालू आवृत्त्या टॅबलेटवर ठेव. आधी त्रिकोणाची ज्युरींच्या हातात दे, काही न सांगता. त्यांनी बोट उचलून टिटवी परत येईपर्यंत थांब. मग दुसरी दे. त्यानंतर ते रंगांबद्दल विचारतील, तेव्हा घोटीव कागदाचे तुकडे चिकटवलेली वही पुढं कर आणि कोणत्या रंगाला कोणतं काम दिलंय ते एकेक करून सांग. आणि इंटर्नशिपसाठी अर्ज करशील तेव्हा पोर्टफोलिओत गोंधळाची पहिली आणि पांढरीफटक दुसरी, या दोन्ही आवृत्त्याही ठेव, काढू नकोस. गावच्या शाळेत ट्रायल झाली की काय झालं ते मला कळव. पाच बोटं एकदम टेकवणारा कुणीतरी भेटेलच, त्याचं काय केलंस तेही लिही.